पंधरा अंशांची चौकशी

कोल्हापूर हे फुटबॉलचं गाव. इथं क्रिकेटच्या अंपायरला कुत्रंसुद्धा विचारत नाही, आणि विचारलंच तर शिवी हासडायला. तरी वीस वर्षं झाली, दर रविवारी पांढरी टोपी घालून मी उन्हात उभा राहतोय. बाकी सहा दिवस दूध संकलन केंद्रात फॅट तपासतो. तिथं यंत्र असतं. रविवारी नुसते डोळे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. कबनूरचा एक ऑफस्पिनर होता, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. आठवडाभर यंत्रमागावर उभा राहायचा आणि रविवारी एसटी पकडून मैदानावर यायचा. चेंडू असा वळवायचा की फलंदाज खेळपट्टीकडं बघत बसायचा, जणू तिथं कुणी खड्डा खणून ठेवलाय. पुढच्या आठवड्यात जिल्हा संघाची निवड होती. यादीत त्याचं नाव जवळजवळ पक्कं होतं, आणि वय बघता ही त्याची शेवटचीच संधी होती.

त्या रविवारी त्यानं शहरातल्या एका पेठेची सहा माणसं गुंडाळली. पेठेला हे कसं खपणार? मांडवातनं ओरडा सुरू झाला, फेकतोय, फेकतोय. मी स्क्वेअर लेगला होतो. त्याच्या कोपराकडं बघायचं, एवढंच माझं काम. आणि मी काय बघत होतो? मोबाईल. साडूनं पन्हाळ्यावरनं झुणका-भाकरीचा फोटो टाकलेला. ओरड्यानं दचकलो, मान वर केली आणि हात आडवा करून मोकळा झालो. नो बॉल.

तिथंच चूक कबूल करायला पाहिजे होती. पण एकदा दिलेला निर्णय मागं घेईल तो अंपायर कसला! पुढच्या चेंडूला मी मांडवाकडं बघत होतो. परत ओरडा, परत नो बॉल. नियमाप्रमाणं त्याची गोलंदाजी तिथंच बंद झाली आणि माझ्या नावानं त्याच्याविरुद्ध लेखी तक्रार वर गेली.

वर म्हणजे तिघांची समिती. अध्यक्ष निवृत्त ड्रिल मास्तर. नियम तसा सोपा आहे. चेंडू टाकताना कोपर पंधरा अंशांपेक्षा जास्त सरळ व्हायला नको. मुळात वाकडं असलं तरी चालतं, फक्त वाकडं तर वाकडंच राहिलं पाहिजे. मोठ्या ठिकाणी त्यासाठी प्रयोगशाळा असतात, अंगभर ठिपके चिकटवतात, चारी बाजूंनी कॅमेरे लावतात. आमचे गुरुजी नातीच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन आले. कॅमेऱ्यासाठी लग्नाचं शूटिंग करणारा एकजण धरून आणला. त्यानं सवयीनं सगळं तोंडाचंच शूटिंग केलं. कोपर कुठंच नव्हतं, पण गोलंदाज मांडवात शिरणाऱ्या नवऱ्यासारखा सावकाश चालत येताना छान दिसत होता. पार्श्वसंगीत म्हणून सनई सोडली होती.

मग गुरुजींनी खास आमच्या गावाचा उपाय काढला. कोल्हापुरात खांदा निखळला की माणूस आधी तालमीत जातो आणि वस्तादानं सांगितलं तरच एक्स-रे काढतो. म्हणून सगळी वरात तालमीत. वस्ताद सत्तरीचे. त्यांनी पोराचं कोपर मांडीवर घेतलं, तेल लावलं, अंगठा फिरवला आणि म्हणाले, लहानपणी हात मोडलाय, जोडणाऱ्यानं वाकडा बसवलाय. तो म्हणाला, व्हय, गडहिंग्लजला मामाच्या गावात उसाच्या गाडीवरनं पडलेलो.

गुरुजींना केवढा आनंद! हात सरळ सोडायला लावून त्यांनी त्यावर कोनमापक ठेवला, वीस अंश मोजले आणि वहीत लिहिलं, मर्यादेपेक्षा पाच अंश जास्त. उभ्या माणसाचा लोंबता हात मोजून त्यांनी गोलंदाजीचा निकाल लावला. ड्रिल शिकवण्यात आयुष्य गेलेलं, वाकडा हात दिसला की गुन्हाच.

वस्तादांनी विचारलं, ह्याचा गुन्हा तरी काय? आम्ही नियम सांगितला. ते हसायला लागले.

"अवो गुरुजी, ह्यो हात जन्मात सरळ हुणार न्हाय. मग टाकताना त्यो सरळ करंल कसा? तुमच्या कायद्यात बसणारा ह्यो एकच गडी असंल की."

जन्मात बॅट न धरलेल्या माणसाला नियम कळला होता आणि आम्हा चौघांना नाही. पण गुरुजी कसले ऐकतात! अहवाल आदल्या दिवशीच टाईप करून झाला होता. वस्तादांचा अधिकार कुस्तीपुरता, असं त्यांनी ठरवून टाकलं. एकच वाट उरली होती. अंपायरला स्वतःच्या निर्णयाबद्दल शंका असेल, तर प्रकरण तिथंच मिटणार होतं. गुरुजी माझ्याकडं वळले.

"तुम्ही स्वतः बघितलंत ना?"

तो समोर उभा होता, बाही दुमडलेली, कोपरावर तेल चमकत होतं. नाही, एवढा एक शब्द बोलायचा होता. पण वीस वर्षांची टोपी डोक्यावर होती, आणि अंपायर मोबाईल बघत होता हे वस्तादांपुढं सांगायची लाज वाटली. मी म्हणालो, बघितलं, अगदी स्पष्ट बघितलं. स्पष्ट हे कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. मी सही केली. यादीतनं त्याचं नाव गेलं.

बाहेर तो माझ्या गाडीपाशी थांबला होता. मारणार, असं मला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"साहेब, वस्ताद कायबी म्हणू देत. टाकताना मला माझा हात दिसत न्हाय. तुम्ही तर जवळनं बघितलासा न्हवं? मग मी फेकतच आसणार."

एवढं बोलून तो वाकला, माझ्या पायाला हात लावला आणि म्हणाला, चुकलं माझं.

असू दे, मी म्हणालो, आणि त्याला माफ केलं.