सोनं तापण्याआधीचा क्षण

शाळेच्या ऑफिसातला फोन सहसा माझ्यासाठी वाजत नाही. म्हणून त्या सकाळी शिपाई वर्गाच्या दारात येऊन "मॅडम, तुमचा फोन" म्हणाला, तेव्हा हातातला खडू तसाच घेऊन मी ऑफिसात गेले. पलीकडे जनार्दन होता, कुंदाचा धाकटा भाऊ. "शैलाताई, कुंदाताई गेली," तो म्हणाला. "झोपेतच... मुंबईहून तिला घेऊन गाडी निघालीय. तुम्ही दातिवऱ्यालाच या." मी वर्गात परत आले, फळ्यावर अर्धवट राहिलेली आकृती पूर्ण केली, मुलांना ती उतरवून घ्यायला सांगितली, आणि मग पिशवी उचलून निघाले. बोईसरहून दातिवऱ्याला पोचेपर्यंत दुपार झाली. सगळ्या होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होत्या. त्या दिवशी गावातलं कोणी समुद्रात गेलं नव्हतं. कुंदा मुंबईत 'लायटीचं काय तरी' शिकते, मोठी डॉक्टर आहे पण औषध देत नाही, एवढंच गावाला ठाऊक होतं. तेवढ्यावरही गाव थांबलं होतं.

आमची ओळख सत्तरच्या दशकातली, पालघरच्या कॉलेजातली. आमच्या वर्गात मुली चारच, आणि दातिवऱ्यासारख्या कोळीवाड्यातून आलेली ती एकटी. पावसाळ्यात एसटीचा भरवसा नसायचा, तेव्हा ती आमच्याकडे राहायची. एकदा आई चिंच लावून तांब्याचा हंडा घासत होती, तिच्याशेजारी उकिडवी बसून कुंदा हंड्याकडे बघत राहिली. "काकू, हा घासला की चकाकतो, पण लाकूड कितीही घासलं तरी असं का नाही चकाकत?" आईने माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकातलं उत्तर दिलं, धातूत मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन असतात, ते प्रकाश परतवतात. कुंदा म्हणाली, "ते मलाही पाठ आहे गं. पण परतवताना ते करतात काय?" मी बी.एससी. झाले, बी.एड. केलं आणि बोईसरच्या शाळेत लागले. ती त्या प्रश्नाच्या मागे गेली.

ऐंशीच्या दशकात ती मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत होती. मला तिने एकदा प्रयोगशाळा दाखवली. काळे पडदे, हवेवर तोललेलं भलंमोठं टेबल, त्यावर बोटभर उंचीचे कितीतरी आरसे. लेझरला रंगीत द्रव लागायचा, त्याने तिची बोटं कायम गुलाबी-केशरी झालेली असायची. काचेवर सोन्याचा इतका पातळ थर दिलेला होता, की केसाच्या जाडीचे हजार भाग करावेत आणि त्यातला एक घ्यावा. त्यावर ती प्रकाशाची एक चमक सोडायची. ती चमक इतकी लहान, की ती संपेपर्यंत खुद्द प्रकाशही केसाच्या जाडीएवढा पुढे जात नाही. "पहिली चमक इलेक्ट्रॉनना तापवते," ती सांगत होती. "पण सोनं अजून गारच असतं, शैला. इलेक्ट्रॉन पेटलेले आणि अणूंना पत्ताच नाही. मग ते हळूहळू आपली ऊब अणूंना देतात." हळूहळू म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचा पुन्हा दहा लाखावा भाग. एवढ्यात काय घडतं ते बघायला दुसरी चमक पहिलीच्या मागून पाठवायची. तिच्या वाटेतला आरसा जरासा मागे सरकवला की ती तेवढी उशिरा पोचते. पुन्हा सरकवायचा, पुन्हा बघायचं. असं ती वर्षानुवर्षं करत होती.

लग्न तिने केलं नाही. तिच्या आईने त्याचा फार त्रागा केला नाही, फक्त मोकळे हात तिला बघवत नसत. आपल्या सोन्याच्या दोन बांगड्यांतली एक तिने कुंदाला दिली. "येक तुज्याकडं, येक माज्याकडं. काढू नको." प्रयोगशाळेत अंगावर धातू चालत नाही, म्हणून कुंदा ती कामावर काढून ठेवायची आणि घरी निघताना पुन्हा घालायची. जनार्दनच्या लग्नानंतर ती गावाहून थेट कामावर गेली आणि बांगडी हातातच राहिली. लेझरचा झोत नीट लावायचा तर संरक्षक चष्म्यातून तो दिसत नाही, म्हणून चष्मा वर केलेला. आरशाकडे हात नेला, झोत बांगडीवर आदळून उजव्या डोळ्यात गेला.

"दुखलं नाही," तिने मला सांगितलं. "लख्ख पांढरं झालं, आणि मग मधोमध एक काळा ठिपका. तो काही जाईना." डॉक्टरांनी सांगितलं, हा आता असाच राहणार. सुट्टी घेऊन ती माझ्या पालघरच्या घरी आली. चहा ओतताना कपाबाहेर सांडायचा, जिना उतरताना पाय चुकायचा. एकदा माझ्याकडे टक लावून पाहत म्हणाली, "डावा डोळा मिटला ना, की तुझे कान दिसतात, चेहरा दिसत नाही." मी उठून तिच्याजवळ गेले. "आईला बांगडीचं सांगायचं नाही," ती म्हणाली. "डोळ्यात काच गेली म्हणून सांगितलंय. तिने ती मायेने दिली होती... ते तिच्या जिवाला लागेल."

संस्थेने तिला बसून करायचं काम देऊ केलं. तिने नको म्हटलं आणि त्याच टेबलापाशी परत गेली. एका डोळ्याने आरसे लावायला तिला दुप्पट वेळ लागायचा, पहिले काही महिने हाती काहीच आलं नाही. त्या दिवसांत ती फोनवर कामाचं बोलत नसे, मीही विचारत नसे. अखेर तिला आलेखावर हवी ती रेघ मिळाली, चढणारी आणि मग उतरत जाणारी, सोन्यातले इलेक्ट्रॉन आपली ऊब सोडतात त्याची. शोधनिबंध लिहून होतो तोच परदेशातल्या एका गटाचं तेच काम छापून आलं. मी हळहळले. ती म्हणाली, "त्यांचा आकडा आणि माझा आकडा जुळतोय. त्यांनी मला पाहिलेलं नाही, मी त्यांना. म्हणजे ते खरं आहे. अजून काय हवं?" आवाजात कडवटपणा होता का, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. थोडा होता. पण ती म्हणाली ते तिला मनापासून वाटत होतं.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली. सुट्टीत ती माझ्या शाळेत येऊन बोलायची. आमची बरीच मुलं कारखान्यांतल्या कामगारांची, हिंदी बोलणारी. एका मुलीने तिला सरळ विचारलं, "मॅडम, आप टेढ़ा क्यों देखती हैं?" कुंदाने शांतपणे डोळ्याचं सगळं सांगितलं आणि विचारलं, "तुम्हारे घर में वेल्डिंग कौन करता है?" बरेच हात वर झाले. पुढचा सगळा तास मग वेल्डिंगची काळी काच डोळ्यांपुढे का धरायची यावरच गेला.

तिला जाऊन आता काही आठवडे झाले. गेल्या रविवारी मी दातिवऱ्याला गेले. कुंदाची खोली मावशीने, म्हणजे तिच्या आईने, रोज झाडून तशीच ठेवली आहे. खिडकीतून सुकत घातलेल्या बोंबलांचा वास येत होता. आम्ही दोघी कुंदाच्या खाटेवर बसलो. मावशीच्या मांडीवर दोन्ही बांगड्या होत्या.

"हिनंच तिचा डोळा नेला ना?" त्यांतली एक उचलून तिने विचारलं.

"तुमाला सांगितलं कोनी?" असं तिच्याच बोलीत माझ्या तोंडून निघून गेलं.

"कोनी नाय. रोज घातलेली बांगडी मनगटावर वळ पाडते. डोळा गेला तवापासून तिच्या हाताला वळ नाय. हितं येताना घालायची, जाताना काढायची. मी समजले." ती बांगड्यांवरून अंगठा फिरवत राहिली. "ती मला जपत हुती, मी तिला. तिनं सांगितलं नाय, मंग मी पन विचारलं नाय."

मग मावशी म्हणाली, "शैला, ती करत काय हुती ते मला सांग. आमी कदी विचारलंच नाय."

मी सांगू लागले. तिच्या मांडीवरची बांगडी घेऊन दाखवलं, सोन्याच्या आत इवलेसे कण मोकळे धावत असतात, त्यांच्यावर उजेड पडला की आधी ते तापतात, सोनं मागून तापतं. त्या दोन्हींच्या मधलं जे आहे, पापणी हलायच्याही कितीतरी आधी होऊन जातं, ते कुंदा बघत होती. मावशी एकेका शब्दाला मान हलवत होती. शेवटी तिने बांगडी माझ्या हातातून घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

"येवडं बारीक," ती म्हणाली. "आनि येका डोळ्यानं... तिला दिसलं?"

"दिसलं, मावशी."