आवाज आला का?

"आवाज आला का?" असं विचारायच्या आधी काका स्वतःचं पार्सल जमिनीवर टाकायचे. चांगलं छातीच्या उंचीवरून, धप्पकन.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझ्या हातातला चहा सांडला. नवी पेठेत माझं कुरिअरचं काउंटर आहे. लोक येतात, 'जपून हो' म्हणून दहादा बजावतात, जाताना पुन्हा मागे वळून बघतात. आणि हे सत्तरीला आलेले गृहस्थ स्वतःचंच पार्सल आपटून मोकळे! वर ते उचलून माझ्या कानाशी धरून हलवलं आणि तो प्रश्न विचारला.

"नाही आला," मी म्हणालो. "पण आत आहे काय?"

"गाण्याची रेकॉर्ड हाय, मालक. तुमची माणसं आपटणारच की. त्याआधी मी आपटतो. फुटायची आसंल तर हितंच फुटू दे."

शुक्रवार पेठेत राहायचे. जन्म यंत्रमागावर गेलेला. जुन्या बाजारातून हौसेनं जमवलेल्या रेकॉर्ड आता एकेक करून विकायला काढल्या होत्या. मुलगी मोबाइलवर फोटो टाकायची, गिऱ्हाइकं पत्ता पाठवायची. बांधणं मात्र यांचं, तिथे दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही.

दुपारी गर्दी नसली की मला शिकवायचे. रेकॉर्ड कव्हरातून काढून त्याच्या मागे वेगळी ठेवायची, नाहीतर धक्का बसला की तिचीच धार कव्हर फाडते. वरखाली दोन पुठ्ठे, एकाच्या रेघा उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या. "ताणा आन् बाणा. नुसत्या उभ्या धाग्यानं कापड होतंय व्हय?" मग खोक्याच्या कडेनं दोन बोटं जागा सोडून तिथे टॉवेलच्या चिंध्या ठासायच्या, म्हणजे आत काही सरकत नाही.

माणूस तऱ्हेवाईक. मी मान खाली घालून बोललो तर उत्तर द्यायचे नाहीत. पाठमोरे असताना हाक मारली तर ढिम्म. भाव खातोय म्हातारा, असं मी मनात म्हणायचो. तुम्हीही तेच म्हणाला असता.

मग ती दिवाळीच्या तोंडावरची सकाळ. रांग रस्त्यापर्यंत गेलेली. त्यांनी पार्सल आपटलं, माझ्या कानाशी हलवलं. आत काहीतरी सरकलं. इथे खोटं लिहून उपयोग नाही, मला ते स्पष्ट ऐकू आलं. पण तसं सांगितलं तर ते तिथेच फतकल मारून खोकं उघडणार आणि रांग माझ्या अंगावर येणार.

"नाही आला काका, ठेवा," मी म्हणालो.

आठवड्यानं ते मोबाइलवर फोटो घेऊन आले. नागपूरच्या गिऱ्हाइकानं पाठवलेला. रेकॉर्डच्या कडेचा मोठा टवका उडाला होता.

"वाटंत लई मार बसला आसंल," ते म्हणाले. "हितं तर तुमी ऐकलं हुतं की. दुसरी हुडकून देतो म्हणलंय त्यान्ला."

मी नुसती मान हलवली. खरं सांगायची हिंमत झाली नाही.

त्यानंतर ते दिसलेच नाहीत. गेल्या महिन्यात त्यांची मुलगी आली. हातात तसंच चौकोनी खोकं.

"नायना गेले," ती म्हणाली. वडिलांना ती नायना म्हणायची. "ही नागपूरची रेकॉर्ड. पाच महिने जुना बाजार पालथा घातला, तवा मिळाली. रात्री बांधून ठेवली, सकाळी उठलेच न्हाईत."

काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "आवाज येतो का ते त्यांनी घरी बघितलं असेलच."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "त्यान्ला कुटं ऐकू यायचं? मागाच्या खडखडाटात दोन्ही कान गेले. धा वर्षं झाली. ओठ बघून बोलायचे. तुमाला म्हाईत न्हवतं?"

दहा वर्षं! म्हणजे माझ्या काउंटरवर पहिल्यांदा आले त्याच्याही आधीपासून.

"म्हणून तर विकायला काढल्या," ती सांगत होती. "मुक्या पडून राहण्यापेक्षा कुणीतरी ऐकू दे म्हणायचे. मी म्हणायची, घरीच हलवा, मी ऐकते. तर म्हणायचे, सायकलवर हादरे बसल्यावर ऐकायला पायजे. आन् माझे कान नवी पेठेत हायत, तू काळजी करू नको."

माझ्याच्यानं तिच्याकडे बघवेना. त्या माणसानं स्वतःचे कान माझ्याकडे ठेवायला दिले होते आणि मी रांगेपायी त्याला खोटं सांगितलं. आजही हे आठवलं की लाज वाटते.

मी खोकं उचललं. आपटायचं धाडस झालं नाही. कानाशी धरून हलवलं. तिच्या मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "आवरा की राव!" मी पुन्हा हलवलं. आत, अगदी कडेला, काहीतरी बारीक सरकलं.

"आवाज आला," मी मोठ्यानं म्हणालो आणि खोकं उघडायला कात्री घेतली.