टेबल नंबर सतरा

माझे सासरे सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि पलूसजवळच्या आमच्या घराची त्यांनी बरॅक करून टाकली. घट बसायच्या आधी घर धुवून काढायची रीत सगळ्यांचीच. मामंजींनी तिच्यात रंगाची भर घातली. देव्हारा सोडून जे जे लाकडाचं, ते अंगणात काढायचं, त्याला मिलिटरीचा हिरवा रंग फासायचा आणि कोपऱ्यात पांढऱ्या रंगानं नंबर घालायचा. धान्याची कोठी पाच, पाळणा अकरा. पाळण्यात अजून बाळ नव्हतं, पण नंबर होता. नवरा पलटणीत, वर्षातून दोन महिने घरी; तेवढेही दिवस तो वडिलांपुढं खाली मान घालूनच असायचा.

मला हा माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नाही. सत्तर सालानंतरच्या त्या दिवसांत सुनेनं हे बोलायचं नसे, म्हणून मी भांडी आपटायची.

त्या घरात माझं म्हणावं असं एकच होतं, माझं टेबल. ते दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, साताऱ्याला स्वतःच्या हातानं केलेलं. दादा कचेरीत कारकून, सुतार नव्हेत. रविवारी रंधा घेऊन बसायचे. तीन सागवानी फळ्या सरसानं जोडून वर कापसाच्या बोळ्यानं लाखेचं पॉलिश चढवलं, त्यातच त्यांचा महिना गेला. त्याच टेबलावर अभ्यास करून मी मॅट्रिक झाले. लग्नात भांड्यांबरोबर तेही सासरी आलं.

आईला बरं नव्हतं म्हणून आठ दिवस साताऱ्याला गेले. परत आले तर टेबल हिरवंगार, नंबर सतरा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मामंजी, हे टेबल माझं होतं."

"तुजंच हाय की. हिकडं वाळवी लय. उघडं लाकूड टिकत न्हाई, पोरी."

"उघडं कुठं होतं? पॉलिश होतं त्याला."

"तसलं नाजूक काय कामाचं?" म्हणाले आणि ब्रश धुवायला निघून गेले. दादांच्या महिनाभराच्या कामाला नाजूक म्हणणारा हा कोण लागून गेला? दसरा झाला की दादा मला बघायला येणार होते. त्यांच्या नजरेला हा हिरवा रंग पडता कामा नये, एवढंच माझ्या डोक्यात बसलं.

धुण्याच्या सोड्यानं घागरीची काजळी निघते, तर रंग का नाही निघणार? मी तपेलंभर पाण्यात सोडा उकळला आणि अंगणात टेबलावर ओतला. रंग खरोखरच फुगून सुटायला लागला. ओसरीवरून मामंजी ओरडले, "आगं, कडक पाणी वतू नगंस! सरस हाय त्यो, सांदं सुटत्याल!"

त्यांनी सांगितलं म्हणून मी मुद्दाम आणखी एक तपेलं ओतलं.

दुसऱ्या दिवशी टेबल वाळलं. रंग गेला होता, पॉलिशही गेलं होतं. सागवान काळं ठिक्कर पडलं होतं आणि तिन्ही फळ्या एकमेकींपासून सुटल्या होत्या. मधल्या फटीत माझं बोट जात होतं. मी त्यावर चादर टाकली.

दसऱ्यानंतर दादा आले. चहा घेता घेता त्यांनी विचारलं, "टेबल कुठं ठेवलंस?" मग स्वतःच उठून चादर काढली. बराच वेळ ते फळीवरून हात फिरवत राहिले.

"हे कुणी केलं?"

"मामंजींनी," मी म्हणाले.

मामंजी तिथंच सुपारी कातरत बसले होते. अडकित्ता थांबला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आता हा माणूस सगळं बोलणार, असं मला वाटलं.

"व्हय, पावणं," ते म्हणाले. "चुकलंच माजं."

दादा आयुष्यात कुणाला टाकून बोलले नव्हते. जेवायला न थांबता दुपारच्या एस.टी.नं गेले, आणि मामंजी जिवंत होते तोवर दादा त्या घराची पायरी चढले नाहीत.

मामंजी पुढं पंधरा वर्षं जगले. मी त्यांच्याशी एक दिवस नीट बोलले नाही. त्यांनी त्या दिवशी मला खोटं पाडलं असतं, तर कदाचित मी बोलले असते.