मान मागे टाकून झोपणारी बाळं

हे किस्से आम्ही जमवत नाही हो, ते अंगाला चिकटतात! ऐंशीच्या दशकात मी चंद्रपूर भागातल्या एका दवाखान्यात भूल द्यायचे. जन्मतःच रक्तवाहिन्यांचा वेढा पडून श्वासनळी दाबलेलं बाळ क्वचितच यायचं. पण आलं की भांडण ठरलेलं. आजही डोकं तापतं!

*

अशा बाळांच्या श्वासनळीत घालायला अगदी बारीक नळ्या लागतात. स्टोअरने पाठवल्या मोठ्या माणसांच्या!

स्टोअरकीपर म्हणाला, "मॅडम, काऊन चिडता? कापून लहान करून घ्या ना!"

"लांबीने नाही, जाडीने लहान पाहिजे!"

"मंग तसं लिहाचं ना!"

लिहिलं होतं. लाल शाईने.

*

अशाच एका बाळाचा हर्निया अडकला. नळी आत जाईपर्यंत त्याचा स्वतःचा श्वास चालू राहायला हवा, म्हणून मी हळूहळू गॅस देत होते.

सर्जन ओरडले, "हलतंय ते! रिलॅक्संट द्या!"

"स्नायू सैल केले तर दाबलेली श्वासनळी मिटेल, सर."

"लेक्चर नको. तुम्ही फक्त भूल द्या!"

"मग तुम्ही फक्त थांबा!"

सर थांबले. बाळ वाचलं. बाहेर जाऊन सरच बापाला म्हणाले, "नशीब, बाळ माझ्या हाती सापडलं!"

*

एका बाळाला एक्स-रेत हलू नये म्हणून कोणीतरी झोपेचं इंजेक्शन टोचलं. श्वास थांबला. मी धावत पोचले तोवर सगळं संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी खुलासा मागितला, तो माझ्याकडे! मी लिहिलं, 'मला बोलावलं नव्हतं.' कागद परत आला, 'सविस्तर लिहा.'

मी लिहिलं, 'मला कोणीही बोलावलं नव्हतं!'

*

जिवतीकडची सुमन श्वास घरघरणाऱ्या तान्ह्या पोराला मान मागे टाकून धरायची. मोठे साहेब राउंडला आले. "दमा आहे. आणि पोर असं धरतात का?" म्हणत त्यांनी स्वतःच मान सरळ केली. पोर निळं पडलं! सुमनने ते हिसकावून मान मागे केली. रंग परत आला.

"कोणी शिकवलं तुला?" मी विचारलं.

"कोनी नाई, बाई. दोन महिने झाले, रातभर पाहूनच राह्यली."

मी एक्स-रेत उमटणारं बेरियम पाजून फोटो काढायला लावला. अन्ननळीवर मागून खाच दिसली, वेढ्याचीच! नागपूरला ऑपरेशन झालं, पोर बरं झालं.

पुढे डॉक्टरांच्या सभेत साहेबांनी ही केस मांडली. "मान पाहताच मला शंका आली!" टाळ्या पडल्या. सुमनला पोरासकट पुढे बसवलं होतं. साहेब हसत हसत पोर घ्यायला वाकले.

सुमनने पदर पोराभोवती ओढला.

"तुमी नका धरू, साहेब."