बर्फ कुणी आणला?

“सही कसली करतेस? अंगठा दे.”

डॉक्टरांनी कागद आणि शाईचा पॅड पुढं सरकवला आणि माझा हातच धरला. जामबागच्या मराठी शाळेत मी सातवीपर्यंत शिकले होते. लिहिता येतं का, विचारलंसुद्धा नाही. वॉर्डातली आया म्हटली की अंगठाच!

काचेपलीकडं माझा भाऊ किसन पडला होता. गौलीगुड्याला बसनं त्याच्या ऑटोला उडवलं, डोकं फुटलं. दोन दिवस मशीन त्याची छाती वर-खाली करत होतं. आई-बाप लवकर गेले, त्याला मीच कडेवर घेऊन वाढवला. आणि आणला कुठं, तर मी जिथं पाच वर्षं बेडपॅन धुतले त्याच हॉस्पिटलात. असली काचेची, गार हवेची खाजगी हॉस्पिटलं तेव्हा शहरात नवीनच उगवत होती.

“मेंदू मेलाय त्याचा. नुसतं मशीन चालतंय. वर स्पेशल रूममध्ये पेशंट याच्या किडनीची वाट बघतोय, उशीर करू नकोस.”

डॉक्टर पुण्याचे. वॉर्डात सगळे तेलुगू नाहीतर दखनी बोलायचे, म्हणून आपली भाषा बोलणारा डॉक्टर आला तेव्हा मला केवढा आनंद झाला होता! आग लागो त्या आनंदाला.

“टेस्ट कधी केली साहेब?” मी विचारलं.

“सकाळीच झाली.”

साफ खोटं. ती टेस्ट मला पाठ होती. पेशंटच्या कानात बर्फाचं पाणी सोडतात. डोळे जरा जरी हलले तर मेंदू जिवंत. मग मशीन काढून, छाती स्वतःहून हलते का ते बघत उभे राहतात. सहा तासांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून. चार डॉक्टर, चार सह्या. कँटीनमधून बर्फ आणायचा, फोडायचा, कानाखाली ट्रे धरायचा, हे काम माझं. मोठ्या घरच्या पेशंटसाठी मी दोन-दोनदा बर्फ आणला होता. त्यांच्या नातेवाईकांना खुर्च्या, चहा, “पुन्हा एकदा खात्री करतो सर.”

आणि त्या दिवशी सकाळपासून मी वॉर्डातून हललेच नव्हते. मी हात सोडवून घेतला.

“बर्फ कुणी आणला?”

“काय?”

“टेस्ट केली ना? मग बर्फ कुणी आणला?”

ते हसले. खरंच हसले. “हिला बघा! बेडपॅन उचलता उचलता डॉक्टरीण झाली. अगं, तुम्हा लोकांच्या हातून एक चांगलं काम होतंय, तेवढं तरी होऊ दे.”

तुम्हा लोकांच्या! पाच वर्षं मान खाली घालून “हौ साब, हौ साब” करणारी मी. डोक्यात तिडीक गेली. पॅड उचलून भिंतीवर हाणला.

“नक्को! मेलाय तर मेलाय म्हणा, पण आधी बघा! बड्या लोकांचा मेंदू दोनदा बघता, माझ्या भावाचा एकदापण नाही? त्याच्या डोक्यात काय भुसा होता?”

बाकीच्या पेशंटचे नातेवाईक काचेशी गोळा झाले. मी कँटीनला गेले, बर्फ आणला, फोडला आणि किसनच्या उशाशी उभी राहिले. “करा.”

करावीच लागली. चार डॉक्टर आले. ट्रे मीच धरला, दुसरं कोण धरणार? गार पाणी त्याच्या कानातून माझ्या बोटांवर आलं. हल रे बाबा, हल, मी मनात म्हणत होते. डोळे हलले नाहीत. मशीन काढलं. छाती हलली नाही. सहा तास त्याचा गरम हात धरून बसले. मग पुन्हा बर्फ. पुन्हा तेच.

किसन मेलाच होता. डॉक्टरांचं म्हणणं खरं निघालं. पण त्यांनी ते न बघता म्हटलं होतं.

“आता तरी?” त्यांनी कागद पुढं केला. या वेळी सोबत पेन होतं. मी मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, देणार नाही. खाली सही केली. वरच्या पेशंटनं माझं काहीच बिघडवलं नव्हतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. माणसासारखं विचारलं असतं तर दिलं असतं.

तेरावा करून मी ड्यूटीवर परत गेले. काढून टाकतील? टाकू देत. तोवर कुणाचाही मेंदू मेला म्हणाले, की न बोलावता मी बर्फ घेऊन हजर होते. दोन्ही वेळा. रिक्षावाला असो की मंत्री. बर्फ आल्याशिवाय माझ्या वॉर्डात कुणालाही मेलेला म्हणू देणार नाही.