विलायतेची डिस्क, खालांचा प्लेअर

अप्पांना ऐकू येईनासं झालं, तसे ते बोलेनासेही झाले. हे दुसरं आमच्या ध्यानात फार उशिरा आलं. मी कलबुर्गीला कॉलेजात शिकवते आणि शनिवारी संध्याकाळच्या बसने बसवकल्याणला घरी येते. पूर्वी बसला उशीर झाला की अप्पा दारातच उलटतपासणी घ्यायचे. आता नुसती मान हलवायचे आणि पेपर पुढे ओढायचे. आयुष्यभर हायस्कुलात इंग्रजी शिकवलेला माणूस हा, वर्गातला त्यांचा आवाज मैदानापर्यंत जायचा. कानाचं मशीन आणून दिलं होतं, पण ते शिट्ट्या मारतं म्हणून डबीत पडून होतं.

आई एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "घरात दोघं हाव, पण मी एकटीच बोलायले."

मग तिने हैदराबादच्या पिक्चरची आठवण काढली. लग्नानंतर अप्पा तिला तिथल्या थेटरात एका इंग्रजी सिनेमाला घेऊन गेले होते. कोळ्यांच्या गावात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याची गोष्ट. आईला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, म्हणून अप्पा पिक्चरभर तिच्या कानाशी फुसफुसत मराठीत सांगत राहिले. पुढच्या रांगेतल्या लोकांनी मागे वळून डोळे वटारले, तरी ते थांबले नाहीत. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, कळलं का? नव्या नवरीने लाजून हो म्हटलं. खरं म्हणजे तिला फक्त ती फुसफुस आठवत होती.

मी हे इंग्लंडला असलेल्या अण्णाला फोनवर सांगितलं. माझा भाऊ एरवी आळशी, पण या कामाला मात्र लगेच लागला. तो सिनेमा आपल्याकडे कुठल्याच मोबाइल अॅपवर नव्हता आणि त्याची डिस्कही इथे कधी निघाली नव्हती. तिकडच्या एका कंपनीने मात्र तो साफसूफ करून, एकदम स्वच्छ चित्राच्या नव्या डिस्कवर काढला होता. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्यात कमी ऐकणाऱ्यांसाठी पडद्यावर अक्षरं होती. नुसते संवाद नाहीत, दार वाजलं, पाऊस आला, हेही लिहिलेलं. अप्पा वाचतील आणि आईला सांगतील, असा आमचा बेत. ते सांगतील, म्हणजे बोलतील. मला तेवढंच हवं होतं.

अण्णाने धाडलेली डिस्क आली. अप्पांनी वेष्टनावरचं अक्षर न् अक्षर वाचलं आणि धुतलेला शर्ट घालून टीव्हीसमोर बसले. अण्णाने जाण्यापूर्वी घेतलेल्या आमच्या प्लेअरमध्ये मी डिस्क घातली, तर पडद्यावर एकच ओळ: ही डिस्क तुमच्या विभागात चालणार नाही. अप्पांनी ती वाचली, उठले आणि शर्ट खुंटीला लावला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अण्णाला फोन लावला. तो म्हणाला, डब्यामागे पृथ्वीच्या चित्रात 'बी' आहे बघ, माझं चुकलंच. सिनेमा कंपन्यांनी म्हणे जगाचे तीन वाटे केलेत. अमेरिका-जपान 'ए'त, युरोप 'बी'त आणि आपण चीन-रशियाच्या पंक्तीला 'सी'त. पिक्चर एका देशात आधी लागतो, दुसरीकडे सहा महिन्यांनी. एकीकडची डिस्क दुसरीकडे पोचली तर तिथलं थेटर ओस पडेल, आणि विकायचे हक्कही जागोजागी वेगळ्या लोकांना दिलेले. म्हणून प्रत्येक डिस्कला आणि प्रत्येक प्लेअरला आपापला वाटा नेमून दिलेला. नवा सिनेमा असता तर एकवेळ समजलं असतं. या पिक्चरचे नट-नट्या केव्हाच वर गेले, याने आता कुणाचं थेटर ओस पडणार होतं? अण्णा म्हणाला, दिवाळीला येताना इथला प्लेअर आणतो. दिवाळी कुठल्या कुठे होती.

"कामून एवढं चिडायलीस?" आई म्हणाली. "रेघा मारणारे रेघा मारतेतच की."

तिचंही खरं होतं. माझे आजोबा उर्दूत शिकले, अप्पा मराठीत, आम्ही भावंडं कन्नडमध्ये. घर तेच, गल्ली तीच, राज्य तेवढं बदलत गेलं. आमच्याकडच्या माणसाला रेघांचं फारसं काही वाटत नाही. तो शेजाऱ्याला विचारतो.

आईनेही तेच केलं. शेजारच्या खालांना सगळं रामायण ऐकवलं. खालांचा मुलगा दुबईला असतो, त्याने लग्नाचं शूटिंग बघायला तिकडून एक प्लेअर आणला होता आणि तो त्यांच्या कपाटावर विणलेल्या रुमालाखाली झाकून ठेवलेला होता. मी नाक मुरडलं. म्हटलं, परदेशी मशीन म्हणजे सगळं चालतं असं नसतं. तरी गेले, रुमाल उचलला, प्लेअर उलटा केला. मागच्या चिकटपट्टीवर पृथ्वीचं तेच चित्र आणि आत 'बी'. कंपन्यांच्या नकाशात दुबई आणि विलायत एकाच वाट्यात होती. म्हणजे आमच्या घरात 'सी' आणि भिंतीपलीकडे इंग्लंड.

मी आपली अदबीने, दोन दिवसांसाठी नेऊ का, असं काहीबाही विचारत होते. खाला म्हणाल्या, "लेको जाव माँ, पूछते कायकू?" आणि पाठोपाठ प्लेअरच्या प्लगच्या जाड चौकोनी पिना आपल्या बोर्डात बसवणारा अॅडॉप्टरही घेऊन आल्या. आमच्या घरावर त्यांचे उपकार पुष्कळ आहेत, पण हा मी कधीच विसरणार नाही.

पिक्चर सुरू झाला. अप्पा शर्ट न घालता, बनियनवरच बसले, कारण त्यांचा भरवसा उडाला होता. पहिली अक्षरं उमटली तशी त्यांनी ती मनात वाचली. मग आईकडे बघितलं आणि घसा साफ केला. "म्हातारा म्हणतोय, घड्याळ मागं पडायलंय." फुसफुस कसली, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज. मला हायस्कूलचं मैदान आठवलं.

मास्तरकीच्या सवयीने ते एकही ओळ सोडेनात. "दार वाजायलंय," ते म्हणाले. दार वाजलेलं आईने ऐकलंच होतं. ती म्हणाली, "व्हय?" मग "पाऊस आला." "व्हय?" मग "घड्याळाचे ठोके पडायलेत." मला राहवेना. अप्पा, तिला ऐकू येतं की, असं हातवारे करून सांगायला मी उठले, तर आईने माझा पदर धरून मला खाली बसवलं.

"गप बस," ती म्हणाली. "सांगू दे त्यांना."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते मी लपवलं नाही.

पिक्चर संपला. अप्पांनी कपाळावरचा घाम पुसला आणि पूर्वीसारखंच विचारलं, "कळलं का?"

आई सरकून त्यांच्या जवळ गेली. तोंड अगदी त्यांच्या कानाशी नेलं आणि मोठ्याने म्हणाली, "न्हाई कळलं. उद्या परत सांगा."