नदीची ओटी

आई पहिल्यांदाच माझ्याकडे सिंगापूरला आली होती. तिला सारे शहर दाखवायचे असे मी ठरवले होते. तिने मात्र एकच गोष्ट मागितली होती. जहाजावर इंजिनियर असताना मी सगळी वर्षे याच बंदरातून बोटीवर चढलो. मी सुखरूप किनाऱ्याला लागलो तर इथल्या नदीची ओटी भरीन, असे ती बोलून बसली होती. तिच्या पिशवीत नारळ, खण, मूठभर तांदूळ आणि हळदकुंकवाची डबी होती.

मी तिला आधी संग्रहालयात नेले. ज्या दालनासाठी नेले, ते डागडुजीसाठी बंद होते. दुसऱ्या संग्रहालयात ती एसीने कुडकुडली. सिंहमुखी माशाच्या पुतळ्यापाशी एवढी गर्दी, की आमच्या प्रत्येक फोटोत कुणाचा तरी हात आला.

"नदी कधी रे?"

"आई, नदीकाठीच तर फिरतोय आपण."

"काठी नव्हे, पाण्यापाशी. तुझं दाखवून झालं असेल, तर आता माझं बघू."

पाण्यापाशी जाणे सोपे नव्हते. सगळीकडे कठडा. एका ठिकाणी पायऱ्या सापडल्या, तर फाटकाला कुलूप. नारळ पाण्यात टाकला तर दंड होईल, हे मी तिला पुन्हा पुन्हा, हळू आवाजातच, पण दर वेळी अधिक कडवटपणे सांगितले.

"नदीला नारळ दिला तर दंड? मग ही माणसं नदीला देतात तरी काय?"

शेवटी तिने कठड्याच्या खांबालाच हळदकुंकू लावले आणि डोळे मिटून हात जोडले. तेवढ्यात समोरून गणवेशातला एक माणूस येताना दिसला. मी रुमाल काढून खांब पुसला. तो माणूस आमच्याकडे न पाहताच निघून गेला. आईने डोळे उघडले.

"कुंकू पुसलंस?"

मी रुमाल खिशात कोंबला. दिवसभर मी नेमका कशावर चिडलो होतो, बंद दालनावर, कुलपावर, की तिच्या साध्या हट्टावर, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

"चल, पाय दुखताहेत," ती म्हणाली.

सेम्बावांगला माझ्या घरापर्यंत एमआरटीच्या गाडीत नारळ तिच्या मांडीवर होता. घरी आल्यावर तिने तो फ्रिजवर ठेवला. "हा फोडून खाऊ नकोस. तिचा आहे."

आई परत गेली. त्यानंतर मी एकदा नारळ घेऊन नदीवर गेलो आणि कठड्यापाशी बराच वेळ उभा राहून तो तसाच घरी आणला. अजून तो फ्रिजवरच आहे. हलवला तर आता आत पाणी वाजत नाही.